खिंडीसाठी लावलेलं टायमिंग

बाबा, परवा माकुणसारला एका लग्नात तुमच्या वेळचे एक म्हातारे ड्रायव्हर भेटले. मांडवात सगळ्यांसमोर मला म्हणाले, "तुझ्या बापासारखा कान कोणाचा नाय. गाडीच्या ठिणगीचं टायमिंग नुस्तं ऐकून लावायचा. तपासायचा दिवा नाय, माप नाय, काय नाय." ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. मीही हसले, लग्नाच्या मांडवात दुसरं काय करणार? पण घरी येईपर्यंत माझं डोकं तापलेलं होतं आणि ते अजून निवलेलं नाही. तुमच्या कानाचं कौतुक मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्या कानाला आपल्याच अंगणातलं एक माणूस कधी ऐकू आलं नाही, हे मात्र कोणी बोलत नाही. म्हणून मी बोलते आहे.

आपली पिकअप लष्करातून निघालेली, तुमच्या हाती आली तेव्हाच म्हातारी. तिचा सेल्फ-स्टार्टर कधीच मेलेला, त्यामुळे रोज सकाळी ती पुढून लोखंडी हँडल मारूनच चालू करायची. शिरगावच्या आपल्या अंगणात सुक्या बोंबलांच्या गोण्या लादून गाडी तयार उभी आहे, तुम्ही आत सीटवर बसला आहात, एक हात चोकवर आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरवर. आणि आई पुढे, बंपरसमोर, पदर खोचून, दोन्ही पाय रोवून हँडल फिरवते आहे. कोणी विचारलं तर तुमचं उत्तर ठरलेलं असायचं, की चोक सांभाळायला ड्रायव्हर आत पाहिजे. बरोबर होतं ते. तुमचं सगळं नेहमी बरोबरच असायचं. चुलीवरचा भात अर्धवट टाकून आई बाहेर यायची, हँडल मारायची, धूर सोडत गाडी चालू झाली की हात झटकत पुन्हा चुलीकडे जायची. तुम्ही काचेतून तिच्याकडे नाही, समोरच्या रस्त्याकडे बघायचात.

इंजिनाच्या बाजूला ती डेल्कोची डबी होती, ठिणगी कधी पडायची ते ठरवणारी. ती जराशी पुढे फिरवली की ठिणगी लवकर पडायची, आणि गोण्या भरून मनोरच्या बाजाराला जाताना वाघोबाच्या खिंडीतला चढ गाडी एका दमात चढायची. मागे फिरवली की गाडी चढावर रडायची, पाणी उकळायचं, आणि मागून येणारे तुम्हाला हसायचे. हे तुम्हीच मला समजावलं होतंत. पण अर्धंच समजावलंत. इंजिन हातानं फिरवताना ते मंद फिरतं, आणि तेव्हा ठिणगी लवकर पडली तर पिस्टन वर पोचायच्या आतच भडका उडतो आणि हँडल उलटं फिरतं, फिरवणाऱ्याच्या हातावर. चढाचा जोर तुम्हाला मिळायचा आणि उलटा फटका आईला. हे दुसरं अर्धं मला आईच्या हातानं शिकवलं.

तिला कळायचं, बाबा. बॉनेट उघडून तुम्ही डबीचा बोल्ट कधी सैल केलात ते तिनं पाहिलेलं नसायचं, तरी पहिल्या फेऱ्यालाच तिला कळायचं. एकदा हँडल खाली टाकून ती तुमच्या खिडकीशी आली.

"परत फिरवलंत ना तुमी?"

"तुला कोणी सांगितलं?"

"कोण सांगतंय? हाताला कळतं. काल असं मारत नव्हतं."

"आंगठा आत घेतेस तू. कितीदा सांगितलं, आंगठा बोटांच्या बाजूला ठेव म्हणून."

मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. तिचा अंगठा बोटांच्या बाजूलाच होता. तुम्ही शिकवल्याप्रमाणे ती हँडल खालून वर ओढायची, कधी दाबायची नाही. इंजिनात काय बिघडलं आहे हे सांगणारं तुमच्या घरातलं सगळ्यात भरवशाचं माप दोन हात पसरून तुमच्यासमोर उभं होतं आणि तुम्ही त्याला अंगठा कसा धरायचा ते शिकवत होतात! आजही हे लिहिताना माझे दात आवळले जातात.

आणि तुम्हाला माहीत नव्हतं असंही नाही. तिकडे तारापूरला वीजघराचं बांधकाम चालू होतं आणि बोईसरला गाड्या दुरुस्त करणाऱ्यांच्या शेडी उभ्या राहत होत्या. तुम्ही गाडी तिथे दाखवायला नेलीत त्या दिवशी माझी शाळेची पुस्तकं घ्यायला मी तुमच्याबरोबर गाडीत होते, म्हणून मी हे कानांनी ऐकलं आहे. तिथल्या मेकॅनिकनं डेल्कोचं झाकण काढलं, आत बोट घालून काहीतरी हलवून पाहिलं आणि मान हलवली. "अंदर का वजन जाम है," तो म्हणाला. त्यानं मलाही वाकून पाहू दिलं. आत दोन छोटी वजनं होती. गाडीचा वेग वाढला की ती फाकायची आणि ठिणगी आपोआप पुढे सरकायची, वेग उतरला की मागे यायची. आपल्याकडच्या खाऱ्या हवेनं ती गंजून बसली होती. म्हणून गाडी चढावर रडत होती, आणि म्हणून तुम्ही सगळी डबीच हातानं पुढे फिरवून ठेवत होतात.

"खोलना पड़ेगा. गाड़ी छोड़ के जाओ."

"अभी टाइम नहीं है. सीझन चालू है."

"हैंडल कौन मारता है?"

"घर में मारते हैं."

"तो तब तक पीछे लेके रखो, भाई. किसी का हाथ जाएगा."

तुम्ही हो म्हणालात. त्यानंच डबी मागे फिरवून दिली. आपण निघालो. रस्त्याला लागल्यावर एका झाडाखाली तुम्ही गाडी थांबवलीत, बॉनेट उघडलंत, आणि त्यानं मागे घेतलेली डबी पुन्हा पुढे फिरवलीत. कान लावून, डोळे मिटून, अगदी मन लावून. गाडी छान चालली. वाटेत तुम्ही गुणगुणतही होतात.

त्यानंतरच्या त्या सकाळचं सांगण्यासारखं फार काही नाही. हँडल उलटं आलं, आई बसली, आणि तिचा उजवा हात मनगटापाशी भलतीकडेच वळलेला होता. तुम्ही गाडीतून उतरलात आणि पहिलं वाक्य काय बोललात आठवतं? "आंगठा आत होता ना?" बाबा, मी तुमच्या शेवटच्या आजारपणात तुमचे पाय चेपले आहेत, तुम्हाला भरवलं आहे, पण त्या वाक्याची माफी माझ्याकडे नाही. हाड बसवणाऱ्यानं मनगट बसवलं, पण ते वाकडं बसलं. तळवा पुरता मागे वळेना. तांदळाची भाकरी ती डाव्या हातानं थापायला लागली. भाकरी एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ व्हायची, आणि ताटावर बसून तुम्ही ती उलटीपालटी करून बघायचात.

मग हँडल माझ्याकडे आलं. मी तेव्हा जेमतेम बॉनेटच्या वर दिसत होते. पहिल्या दिवशी माझे डोळे गच्च मिटलेले होते. आणि हँडल फिरलं, गपगुमान. उलटं आलं नाही, हिसका नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, त्यानंतरही कधीच नाही. मला वाटलं, माझा अंगठा बरोबर आहे. मी तसं आईला सांगितलंही. ती चुलीत लाकूड सारत होती.

नंतर कधीतरी तुम्ही आत बसलेले असताना ती उठून बाहेर आली. मला बाजूला केलं आणि डाव्या हातानं हँडल धरलं. तुम्ही आतून ओरडलात, "अगं, काय करतेस?" तिनं एक फेरा मारला, थांबली, सावकाश दुसरा मारला. गाडी चालू झाली. ती तुमच्या खिडकीशी गेली. तेव्हाचा तिचा आवाज मला अजून ऐकू येतो, त्यात राग नव्हता, नुसतं नवल होतं.

"म्हंजे डबी मागं घेता येत होती."

तुम्ही स्टिअरिंगकडे बघत म्हणालात, "पोर लहान हाय."

"हां," ती म्हणाली. "पोर लहान हाय." आणि आत गेली.

त्या दिवसांत तुम्ही अर्ध्याच गोण्या भरायचात. खिंडीत गाडी थांबत थांबत चढायची, लोक हसायचे, आणि तुम्ही ते सोसलंत. म्हणजे सोसता येत होतं! खिंड तीच, गाडी तीच, फक्त हँडलवरचा हात बदलला होता. पुढे पावसाळ्यात खेपा थांबल्या तेव्हा गाडी बोईसरला नेलीत. सकाळी दिली, संध्याकाळी मिळाली. वजनं रॉकेलनं धुतली, दोन स्प्रिंगा बदलल्या, तेल सोडलं. एवढंच होतं सगळं. त्यानंतर गाडी खिंडही चढली आणि हँडलही कोणाला लागलं नाही. आईचा हात की खिंडीचा चढ, असं निवडायची वेळच नव्हती, बाबा. तरी तुम्ही रोज सकाळी निवडत होतात, आणि रोज तेच निवडत होतात. बाजारात ड्रायव्हर म्हणून नाव मोठं राहावं म्हणून. ते राहिलं बघा, अजून मांडवात घेतलं जातं.

आई गेली तेव्हा तिला आंघोळ घालताना ते मनगट माझ्या हातात होतं. आम्हा बायकांपैकी कोणीतरी विचारलं, हे असं कशानं झालं. मी म्हटलं, पडली होती.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही हे मला ठाऊक आहे, आणि पाठवण्यासारखं ते आहे असंही मला वाटत नाही. पण एवढा राग ओतून झाल्यावर एक कबूल केलं पाहिजे. नातवंडं विचारतात, आजी, तुझे बाबा कसे होते? मी त्यांना सांगते, त्यांनी माझ्यासाठी अर्धी खेप सोडली, लोकांचं हसणं सोसलं, पण हँडल माझ्या हाताला कधी लागू दिलं नाही. ही गोष्ट सांगायला मला फार आवडतं. तिच्यात आईला मी अजून एकदाही येऊ दिलेलं नाही.