तिसऱ्या हाकेले

३ मे
सक्करदऱ्यात काम लागलं. झाडूपोछा नाही, कूलरसमोर बसून आकडे वाचाचे! शरच्चंद्र साहेबाच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पडद्यावरचं दिसत नाही. त्यायच्या घरी बोलता येणारा रेडिओ आहे, छतावर तारा. कम्प्युटरवर रोज सूर्याचे आकडे येतात, ते वाचून या वहीत लिहाचे. चौथी शिकली मी, पण इंग्रजी आकडे बसच्या पाट्यांवरून येतात. उरल्या जागेत माहं लिहीन. मौद्याले पोरीले, दामिनीले, फोन करून सांगतलं. तिले सातवा महिना लागला.

५ मे
फ्लक्स १८०, के २. साहेबानं समजावलं. फ्लक्स म्हणजे सूर्याचा जोर, जास्त असला की आवाज दूर जाते. के म्हणजे जमिनीच्या चुंबकाची गडबड, शून्य ते नऊ. समजलं म्हटलं, कोन डोकं लावते? आज जपानचा माणूस बोलला, साहेब लेकरावानी हसले. रेडिओले हात लावाचा नाही, लायसन लागते म्हणे. मले कायले पाहिजे?

९ मे, दुपार
फ्लक्स २२०, के ९. नऊपैकी नऊ! साहेब डॉक्टरकडे. रेडिओ चालू, पण चिडीचूप. मंग दामिनीचा आवाज, आई. मी बोटावर मोजलं, एक. आमच्या उमरेडले म्हणतात, बाहेरचं असलं तर दोनदाच हाक मारते, तिसरी माणसाची. आई. आई. तीन झाल्या. बटन दाबून म्हटलं, "दामिनी, मौद्याच्या खोलीवरूनच बोलून राहिली ना वं?"
हो म्हणे. मंग तेच वाक्य परत आलं. माह्या आवाजात.

९ मे, संध्याकाळ
सारं सांगतलं, साहेब भडकले. "मैनाबाई, परीक्षेचे मार्क आहेत का हे? के नऊ म्हणजे तुफान. पुण्याच्या माणसाचाही आवाज येत नाही त्यात." वरून म्हणे, रेडिओवर तर सारेच तीनदा हाक मारतात, रीतच आहे ती.
दामिनीले फोन केला. ती म्हणे, तूच तर दुपारी मागच्या दारातून तीनदा हाक मारली, मी ओ दिली, दार उघडून पाह्यलं तर कोनी नाही. काहून मजाक करतं, आई?
मी म्हटलं, आता माहा आवाज आला तर दार उघडू नको. मी असली तरी.

१० मे
के ९. जावई ड्युटीवर, फोन बंद. दामिनीचा फोन लागला. उचलला. हॅलो कोन म्हणे — मीच. माहाच आवाज —
बस पकडतो.

१० मे, मौदा
पायरीवर बसली. वही पिशवीतच होती. दार वाजवलं, हाका मारल्या, घसा फाटला. ती उघडत नाही. मीच सांगतलं होतं —
शेजारीन म्हणे, मायलेकी सकाळपासून आतच आहेत —
आत भांडे वाजून राहिले. कोनी तिले म्हणून राहिलं, खाय वं, दोन जीवाची आहे. माह्या आवाजात —
दामिनी रडून राहिली. विचारते, "आई, मंग बाहेर कोन आहे वं?"
आन आतली मी तिले सांगून राहिली, की बाहेर —