प्रॉसीच्या गालातली काडी

मुकोनो, ४ ऑगस्ट
ती. नामुबिरू आत्यास लुटायाचा सा. न. वि. वि.
इकडे सगळे खुशाल. तुझे गुडघे कसे आहेत? एक गोष्ट फक्त तुला लिहितो, माझ्या बायकोला कळू देऊ नकोस. ऑफिसातल्या बोसा नावाच्या कारकुनाने आपल्या मुलांची डीएनए चाचणी केली, तेव्हापासून सगळेच आपापल्या पोरांचे कान निरखत बसलेत. आत्या, आमची प्रॉसी गाते. सुरात गाते. आपल्या घराण्यात कोणी कधी सुरात गायलंय का? म्हणून मी एक पाकीट आणलंय. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, एक माझी, एक तिची, वाळवून पाठवायची. लेकरात अर्धा वाटा आईचा, अर्धा बापाचा. बापाचा वाटा माझ्याशी जुळतो का, ते प्रयोगशाळेत बघतात. रागावू नकोस. तुझ्या लोभाची मात्र चाचणी नको, तो आहेच.
तुझा लुटाया

कालुंगू, ९ ऑगस्ट
चि. लुटायास अनेक आशीर्वाद.
गुडघ्यांपेक्षा तुझ्या पत्राने डोकं जास्त दुखलं. सुरात गाणं हा गुन्हा असेल, तर तो तुझ्या सासूचा. दर रविवारी चर्चमध्ये ती माझ्यापुढे गात उभी असते. 'नाही' असं उत्तर आलं, तर चार वर्षं तुझ्या खांद्यावर झोपलेल्या पोरीला काय सांगशील? आणि 'हो' आलं, तर तुझ्या बायकोला, नालुमान्सीला, काय सांगशील? मला दुसरा प्रश्न जास्त अवघड वाटतो. शिवाय चोरून घेतलेली काडी कोर्टात चालत नाही म्हणे. ती कोणाच्या गालातली, याला साक्षीदार कोण? विचारायचंच तर बायकोला तोंडावर विचार. अक्कल आली की लगेच कळव.
आत्या

मुकोनो, १५ ऑगस्ट
ती. आत्यांस नालुमान्सीचा शि. सा. न. वि. वि.
तुमचा भाचा रविवारी दुपारी झोपलेल्या प्रॉसीच्या तोंडात काडी फिरवत होता. विचारलं तर म्हणाला, दात बघतोय. मग कपाटावर काड्या वाळत घातलेल्या दिसल्या. शेजारच्या पाकिटावर सगळं छापलेलं होतं, आईची संमती घ्यावी हेसुद्धा. आधी मी रडले. मग प्रॉसीची काडी चुलीत टाकली, नवी घेतली, मागच्या दारच्या शेळीच्या गालात आतून फिरवली आणि प्रॉसीच्या नावाच्या लिफाफ्यापाशी ठेवली. त्याने ती पाठवलीही. तुम्हाला हे आधीपासून माहीत असेल तर मला सांगू नका, राग येईल. त्यालाही सांगू नका, माझं हसू जाईल. माया असू द्यावी.
नालुमान्सी

मुकोनो, २० सप्टेंबर
ती. आत्यास सा. न. वि. वि.
पाय धरतो. प्रयोगशाळेने कळवलं की मुलीच्या काडीवर माणसाचा डीएनए सापडला नाही. फोन केला तर तिथली बाई थंडपणे म्हणाली, काडी नक्की कोणाच्या तोंडात घातली होती? घरी नालुमान्सी हसून हसून जमिनीवर बसली आणि शेळीची गोष्ट तिनेच सांगितली. मग तिचं हसू थांबलं ते थांबलंच. म्हणाली, "संशय घ्यायचा तर उजेडात घे."
आम्ही तिघंही प्रयोगशाळेत गेलो. ओळखपत्रं पाहिली, दोघांच्या सह्या घेतल्या, नालुमान्सीचीही काडी घेतली. आईचा वाटा कळला की बापाचा ओळखणं सोपं जातं. मग त्या बाईने तुझाच प्रश्न विचारला, उत्तर 'नाही' आलं तर पोरीला कोण सांगणार? प्रॉसी माझ्या मांडीवर गात होती. मला पळून जावंसं वाटलं, पण नालुमान्सीने बाही धरून ठेवली.
काल उत्तर आलं. प्रॉसी माझीच आहे. मी अंगणात नाचलो. नालुमान्सी नाचली नाही. म्हणाली, "हेच मी तुला चार वर्षांपूर्वी फुकट सांगितलं होतं." आज लेकीला घेऊन ती माहेरी गेली. आत्या, माझ्याबरोबर सासुरवाडीला चल.
तुझा लाजलेला लुटाया

कालुंगू, २४ सप्टेंबर
चि. लुटायास आशीर्वाद.
दोघी सुखरूप पोचल्या, वाटेत माझ्याकडे उकडलेल्या कच्च्या केळ्यांचं मातोके जेवल्या. प्रॉसी विचारत होती, बाबा का नाचले? मी म्हटलं, तेच सांगतील. शनिवारी ये. सासूला साखर आण, सासऱ्याला कोंबडा, आणि दारात गुडघे टेक. आपल्यात भाच्याला सासरी उभं करणं आत्याचंच काम, तेवढं मी करते. पण कसला संशय घेतलास, ते तूच सांगायचं. मी तोंड उघडणार नाही. आणि मोठ्याने सांग. तुझे सासरे आता ठार बहिरे झालेत, आणि शनिवारी त्यांच्या दारासमोरच बाजार भरतो.
तरीही तुझीच,
आत्या