दाट केलेलं पाणी

बारामती,
दिवाळीनंतरचा रविवार, १९९६

तीर्थस्वरूप जयवंता आत्यास,

तुझ्या सुप्रियाचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? कळंबला थंडी पडली असेल, तेल लावून घेत जा (लावणार नाहीस, तरी लिहिते).

वरकुट्याच्या आपल्या विहिरीत कुणी विष कालवलं असं ऐकून तू रडलीस म्हणे. झालं ते असं. तुझे बंधुराज, म्हणजे आमचे आबा, यांच्या दोन मेंढ्या भरदुपारी तडफडून मेल्या. शेजारच्या गेणूतात्यांनी आदल्याच दिवशी डाळिंबावर औषध फवारलं होतं. आबांनी चारचौघांत त्यांच्यावर आळ घेतला आणि विहीर बुजवायला निघाले. परकर खोचून तू जिच्यात उड्या टाकायचीस आणि आपली सगळी मेंढरं काठावरून टकामका बघायची, ती विहीर! मी म्हटलं, थांबा, आमच्या कॉलेजात तपासते.

पांढरा थर दिलेल्या काचपट्टीवर पाण्याचा थेंब टाकला आणि पट्टीचं टोक द्रावणात उभं केलं. द्रावण थरातून वर चढतं. औषध असलं तर त्याचा ठिपका वेगळा होऊन दिसतो. काही दिसेना. आमचे रसायनशास्त्राचे मोहनराव सर म्हणाले, "एका थेंबात असून किती असणार? आधी दाट करा." मग आबांनी कॅनभर पाणी आणलं (एसटीत मांडीवर घेऊन, कंडक्टरशी भांडत). ते मी कोळशाची पूड भरलेल्या नळीतून हळूहळू सोडलं. औषध कोळशाला चिकटतं, ते जराशा द्रावणानं धुऊन काढायचं. अख्ख्या कॅनमधलं सगळं चमचाभरात गोळा! पट्टीवर टाकलं, तर टपोरा ठिपका.

"बगा! म्या म्हनलं न्हवतं?" आबा ओरडले. मला रडूच आलं.

सरांनी विचारलं, "कॅनमध्ये आधी काय होतं?"

"काय न्हाय. वांग्यावरचं औषध हुतं. पर चांगला धुतलाय की!"

मग नव्या हंड्यातून पाणी आणलं, तसंच दाट केलं. पट्टी कोरी! जनावरांचे डॉक्टर म्हणाले, मेंढ्यांना कोवळी ज्वारी बाधली (ती आबांच्याच रानातली). विहीर शाबूत आहे. त्या संध्याकाळी आबा काठावर कितीतरी वेळ बसले. "जयवंता हितनंच उडी टाकायची," एवढंच बोलले.

तुझी,
सुप्रिया

ता.क. खरं काम राहिलंच. आबा माफी मागायला गेणूतात्यांच्या दारात जातात आणि बाजारभाव विचारून परत येतात. तू ये. तुझ्यापुढं दोघांनाही बोलावं लागेल. मी लिहिल्याचं आबांना कळू देऊ नकोस.

आणखी ता.क. आबा आज इथं आले होते. पाकीट पेटीत टाकतो म्हणून घेऊन गेले आणि वाचून परत आले. म्हणाले, "तिला लिव्ह, गुडघ्याचं निमित्त सांगू नगं. म्या एकटा जानार न्हाय."