विल्फ्रेडला टॉडमॉर्डन दाखवताना

४ एप्रिल, शनिवार

शेजारच्या विल्फ्रेडचे डोळे चालले! म्हणे वर्षअखेरीपर्यंत समोरचं सगळं पुसलं जाईल, कडेचं तेवढं थोडं राहील. उपाय नाही. चहा पिताना असं सांगितलं, जणू बूट झिजलेत. मग म्हणाला, "मुरिएल, तू तीस वर्षं या गावात टपाल वाटलंस. दिसतंय तोवर मला सगळं एकदा दाखव."

दाखवते म्हटलं. निवृत्त झाल्यापासून मला तरी दुसरं काय काम!

७ एप्रिल

नगरभवनापासून सुरुवात. पूर्वी दोन परगण्यांची हद्द या इमारतीच्या मधूनच जायची — अर्धी लँकेशायरात, अर्धी यॉर्कशायरात. विल्फ्रेडचे वडील अलीकडचे, आई पलीकडची. "लग्नात इथेच नाचले. दर गिरकीला एकाचं सासर, एकाचं माहेर!" दर्शनी भागावरचे दगडी पुतळे मी एकेक करून सांगितले. तो मान वर करून उभा.

नंतर बाजारात मटणाचा ‘पाय’ — म्हणजे तंगडी नव्हे, कणकेच्या पारीत भरून भाजलेलं मटण — आणि उकडलेले वाटाणे. वाटाण्यांवर त्याने पुदिन्याचं पाणी इतकं ओतलं की ताटलीत तळं झालं. "असंच आवडतं मला," म्हणाला. खोटारडा!

१२ एप्रिल

पाऊस. घरीच. करमलं नाही.

१५ एप्रिल

कालव्याकाठची विटांची अवाढव्य भिंत. मी म्हटलं, शेवाळ आलंय. तर म्हणतो, "कसलं हिरवं? कोवळं की जून?" आता आली का पंचाईत! वाकून बघावं लागलं. विटांच्या फटीत एक बर्चचं रोप उगवलंय, खाली बदकीण पिल्लांना ओरडतेय. तीस वर्षं इथून गेले ते दारांवरचे आकडे बघत. भिंत आज पाहिली.

२१ एप्रिल

त्याची मुलगी गिलियन आलीय ब्रिस्टलहून. कुंपणापाशी मला गाठलं. "मावशी, बाबांना इथे गुंतवू नका ना. आमच्याकडे खोली तयार आहे. जे गाव दिसणारच नाही, तिथे राहून करायचंय काय?"

राग आला. तिचं चुकत नव्हतं, म्हणून जास्तच आला.

विल्फ्रेडने तिला सांगितलंय, मे संपेपर्यंत कळवतो. मला काही बोलला नाही. मीही विचारलं नाही.

२ मे

स्टूडली पाइक! त्या माळावरच्या मनोऱ्याला मी या वयात जाईन असं वाटलं नव्हतं. मॅनकिनहोल्सपर्यंत गाडी, पुढे चढ. त्याने माझा दंड घट्ट धरलेला. वाऱ्याने माझी टोपी उडवली, ती मेंढ्यांना लखलाभ. आतला जिना काळाकुट्ट. "इथे आपण दोघं सारखेच," म्हणाला.

वर सज्जात पोचलो आणि मी सुरू झाले. खाली खोरं, कालव्याची रेघ, ढगांच्या सावल्या. त्या शेतावर मला कुत्रा चावला होता. त्या दारात एक म्हातारी रोज थांबायची, पत्र नसलं तरी; मग मीच तिला एकदा पाठवलं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं! किती वेळ बोलत होते कोण जाणे.

"दिसतंय ना रे?"

"सगळं," तो म्हणाला.

आज फार सुखात आहे. लिहायला लाज वाटते, पण आहे.

९ मे

सकाळी विल्फ्रेड दारात. आत येईना.

"गिलियनला नाही म्हणून कळवलं. आणि तुला एक सांगायचं राहिलंय. समोरचं मला फेब्रुवारीपासूनच दिसत नाही, मुरिएल. पुतळे नाहीत, भिंत नाही, तूही नाहीस. नुसती बोलत बस असं कसं म्हणायचं? म्हणून दाखव म्हटलं."

हात धरून त्याला आत घेतलं.