मुशीचं नाव आणि सरकीची गाठ

मंगळवार, वेचणीचे दिवस. बाभुळगाव.

दुपारी प्रयोगशाळेतून फोन आला. खोल समुद्रातून तपासायला आलेल्या एका मुशीचे, म्हणजे शार्क माशाचे, दात आणि पाठीवरचे काटे पाहून मी बरणीवर जे नाव लिहिलं होतं, ते चुकलं. जनुकं वेगळीच जात सांगतात. हसतहसत बाबांना सांगितलं. काहून सांगितलं?

बाबांनी दुपट्ट्याची गाठ सोडली. आत पेरून उरलेली सरकी. "म्हंजे चिठ्ठी खोटी निघाली. आपल्या बियाण्याच्या पाकिटावरही अळी लागत नाही असं छापलं होतं. अन् बोंडं पाह्य कशी पोखरली! हे बी तपासून दे ना, बाई."

मी म्हटलं, "बाबा, आमच्या मशीनमधी मासेच चालते."

धादांत खोटं. प्रयोगशाळेतल्या सरांकडे शब्द टाकायची लाज वाटली, एवढंच.

एकही दाणा सांडू न देता त्यांनी गाठ पुन्हा बांधली. मग शेजारच्या काकांना ओट्यावरून ओरडून सांगितलं, "नाही जमत ना भाऊ. पोरीची मशीन मासोयीचीच हाय."

ती गाठ आता खुंटीवर आहे. उद्या निघताना मागू? बाबा विचारतील, "काहून, आता सरकी चालते का तुह्या मशीनमधी?"

चालते, बाबा. पहिल्यापासून चालते.