तो गोल कुणाचा, हरिदास?

श्री

मेडनहेड, १२ जुलै १९८६

प्रिय हरिदास यास,

यादवरावाचा नमस्कार. (आशीर्वादच लिहिणार होतो, पण तू माझ्याहून चार महिन्यांनी थोरला, हे कॉलेजपासून ऐकवत आला आहेस.) इकडे सर्व ठीक. गुडघे हवेप्रमाणे वागतात, आणि इथली हवा कशी वागेल ते कुणालाच ठाऊक नसतं. तुझी तब्येत विचारत नाही, कारण तुझ्या सूनबाईंचं, वैजयंतीचं पत्र आलं. पडून चार महिने झाले, हाड जुळलं, डॉक्टर म्हणतात चाला, आणि तू म्हणे भिंतीकडे तोंड करून पडून राहतोस. हे तुझं वागणं मला अजिबात पसंत नाही. पण मी त्यासाठी लिहीत नाही.

लिहितोय ते आपल्या गोलाबद्दल. गेल्या महिन्यात वर्ल्ड कपमध्ये इंग्लंडवर हाताने गोल झाला, तेव्हापासून इथे घरोघर सुतक आहे. आमचा मुलगा जयंत रीडिंग गावातल्या ऑफिसात तीन दिवस कुणाशी धड बोलला नाही. त्यावरून नात शिल्पा (वय नऊ, जन्म इथला, मराठी बोलते हेच पुष्कळ) मला विचारते, आजोबा, तुम्ही कधी चीटिंग केली? मी छे म्हणालो, आणि त्या रात्री जेवण गेलं नाही.

१९१९-२० चा तो सीझन आठवतो ना? अकरा जणांत बुटांचे सहा जोड, बाकीचे अनवाणी. पहिल्याच मॅचला सात गोल खाल्ले, तर कॅप्टन म्हणाला मैदानाला उतार आहे. हाफ टाइमनंतर बाजू बदलली तरी उतार आपल्याच बाजूला राहिला. त्यात माझं सोवळं. चामड्याचा चेंडू पायाला लागला तर चालेल, डोक्याला शिवता कामा नये, अशी आईने शपथ घातलेली. चेंडू उंच आला की मी वाकायचो. पुण्यातल्या सगळ्या कॉलेजांना हे कळलं आणि जो तो माझ्या डोक्यावरूनच चेंडू पाठवू लागला. चार गोल तर निव्वळ माझ्या सोवळ्यामुळे झाले. तरी पुढच्या मॅचला तुम्ही मलाच घ्यायचात. (दुसरं कुणी येत नव्हतं, हे तू सांगशीलच.) त्या दिवसांइतका सुखी मी पुढे कधी नव्हतो रे.

दोन टीम आल्याच नाहीत म्हणून आपण फायनलला पोचलो. समोर खडकीची गोरी पलटण. एक-एक अशी बरोबरी. तू डावीकडून चेंडू मारलास, मी शिरस्त्याप्रमाणे वाकलो, पण अंमळ उशिरा. चेंडू शेंडीच्या मुळाशी बसला आणि आत गेला. मी शुद्धीवर आलो तो तुमच्या खांद्यांवर. घरी आईने ऐन जानेवारीत विहिरीच्या आठ घागरी डोक्यावर ओतल्या, मी तापाने फणफणलो, आणि टीमच्या जेवणात माझ्या वाटणीचं श्रीखंड तू खाल्लंस. कॉलेजच्या मानाच्या फळ्यावर नाव मात्र माझं लागलं. तुझं म्हणणं, चेंडू आत जातच होता, मी उगाच मध्ये आलो. माझं म्हणणं, तो चिंचेच्या झाडाकडे निघाला होता. सहासष्ट वर्षं झाली. बाकीचे नऊ जण निकाल न लावताच गेले.

चि. वैजयंतीस आशीर्वाद. तिला फार छळू नकोस.

तुझा,
यादव

ता. क. कॉलेज तो फळा नव्याने रंगवतंय. दरवर्षी तू पाठवलेल्या हरकतीच्या अर्जांना कंटाळून प्रिन्सिपॉलांनी मलाच विचारलं, गोल कुणाच्या नावावर लिहू? मी कळवलं, पंधरा डिसेंबरला मैदानावर येऊन सांगतो. तिकीट काढलं आहे. तू आला नाहीस तर नाव माझंच राहील. कुणी उचलून आणलेलं चालणार नाही, फाटकापासून चालत यायचं. काठी चालेल.

ता. क. २. (एरोग्रामवरची जागा संपली, कडेला लिहितोय, फिरवून वाच.) चेंडू आतच जात होता. वाकता वाकता मी पाहिलं होतं. हे चारचौघांत माझ्या तोंडून वदवून घ्यायचं असेल तर तुला उठावं लागेल. हे पत्र पुढे केलंस तर अक्षर माझं नाही म्हणेन. हरिदास, ऊठ रे. तू गेलास तर मला यादव्या म्हणणारं कुणी उरणार नाही.