पिवळं तिचं, पांढरं माझं

माय, आज तुला लिहायला बसलो त्याचं कारण एक मांजर आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, याले दुसरं काही सुचत नाही. खरंच सुचत नाही. अकोल्याच्या या घरात आता मी आणि ती, दोघंच. तुझी सून गेली त्या हिवाळ्यात ही करडी मांजरी मागच्या दारातून आत आली आणि घर तिच्याच नावावर असल्यासारखी राहिली. सकाळी मी दोन अंडी उकडतो, चहा करतो आणि ओट्याजवळच्या स्टुलावर बसतो. पिवळं तिचं, पांढरं माझं, अशी आमची वाटणी. खाऊन झालं की ती मिशा पुसत माझ्याकडे अशी बघते, जणू मीठ कमी पडलं. मी तिच्याशी बोलतोही. लाइनमनच्या नोकरीत जन्मभर खांबांवर चढलो, तिथं वर बोलायला कोणी नसायचं, आणि त्याचं कधी काही वाटलं नाही. आता जमिनीवर बसून वाटतं.

परवापासून तिनं खाणं सोडलंय. फ्रिजमागच्या सांदीत जाऊन बसली आहे. काल तिला पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं सुई टोचली आणि म्हणाला, "काका, उद्यापर्यंत पोटात काही गेलं तर वाचते. नाही तर कठीण हाय." तेवढ्यात पुण्याहून मुलाचा फोन आला, त्याला सांगितलं. "बाबा, मांजर आहे ते," तो म्हणाला, "तुम्ही इकडे या ना राहायला." वाईट काही बोलला नाही तो. पण फोन ठेवला आणि मला तुझी फार आठवण आली.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. अमरावतीचं आपलं घर, माझ्या छातीत पाणी झालेलं, आणि डॉक्टर सांगतो की पोराला रोज एक अंडं द्या. तू माळकरी, चातुर्मासात कांदाही न शिवणारी. दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात तीन विटा मांडतेस, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवतेस आणि गळ्यातली माळ पदराखाली झाकतेस, माळेनं बघू नये म्हणून. अंडं कसं शिजवतात हे तुला कोण सांगणार? तुला भरीत ठाऊक. तू ते वांग्यासारखं निखाऱ्यात खुपसतेस, आणि ते फट्कन फुटून तुझ्या लुगड्यावर उडतं. भिंतीपलीकडची चाची, जिच्या कोंबडीचं ते अंडं, हसून हसून खालीच बसते. "अंडा भूनते क्या कोई, बाई? पाण्यात उकडा लागते त्याले." तिनं दुसरं अंडं दिलं. ते तू डालड्याच्या जुन्या डब्यात उकडलंस, सोललंस, मीठ लावून माझ्यापुढे धरलंस. तोंड पलीकडे वळवलेलं, हात तेवढा माझ्याकडे. मी ओठ मिटून बसलो तेव्हा मात्र वळलीस. "काहून तोंड वाकडं करून राहिला? खाय मुकाट्यानं. देवाचं मी पाहून घेईन, तू खाय." मग गार पाण्यानं आंघोळ करून देवापुढे बसलीस. हिवाळाभर हे रोज चाललं. तुझे दात वाजायचे ते मला पांघरुणात ऐकू यायचं. मी बरा झालो तशी ती चूल तू मोडलीस आणि पुन्हा घरात अंड्याचं नाव काढलं नाहीस.

आज सकाळी मी फ्रिजजवळ पालथा पडलो. या गुडघ्यांनी ते सोपं नाही, उठताना टेबलाचा पाय धरावा लागतो. पिवळं कोमट पाण्यात कालवून बोटावर घेतलं आणि तिच्या तोंडाशी नेलं. ती तोंड फिरवते. मी बोट तसंच धरून पडलोय. बाहेर दूधवाला हाक मारून कंटाळून निघून गेला, ओट्यावरचा चहा निवला. "खाय वं माय, खाय," मी तिला म्हणत होतो, आणि म्हणता म्हणता मला भीती वाटायला लागली. खांबावर कधी वाटली नाही अशी. ती नसली तर उद्या सकाळी मी काय करायचं, हेच मला कळेना. त्या हिवाळ्यात तूही अशीच घाबरलेली होतीस का? मला तू नुसती रागावलेली वाटायचीस.

शेवटी तिनं बोट चाटलं. थोडं थांबून पुन्हा चाटलं. थेंबभरच गेलं असेल. डॉक्टरला फोन केला तर म्हणतो, चांगलं हाय काका, दर घंट्याले देत राहा. म्हणून मी असा मधून मधून उठतो आणि पुन्हा येऊन लिहितो. अजून ती बाहेर आलेली नाही.

हे पत्र टाकायला पेटी कुठली असणार? मुलाला मी सांगत आलोय की मी इथं मजेत आहे, सकाळी आवडीचा नाश्ता करतो, काळजी करू नको. तुला खोटं कशाला सांगू. मला अंडं आवडत नाही, माय. तेव्हाही आवडत नव्हतं, तू समोर बसायचीस म्हणून खायचो. आताही समोर कोणी बसतं, म्हणूनच उकडतो.